अनंताने कापलेलं गाऱ्हाणं

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कसालच्या बाजारात भाजी घेत होते. सुनंदावहिनींचा आवाज इतका सपाट होता की मला वाटलं, कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला असणार. त्या घरातून मला येणारे निम्मे फोन कॉम्प्युटरचेच असायचे. "शुभा, तुझो भाव गेलो गो," वहिनी म्हणाल्या. "सकाळी त्या मशीनीसमोर खुर्चेत बसलेले, थयच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. भाजीची पिशवी तिथेच विसरून मी रिक्षात बसले.

अनंता माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. कणकवलीला डेपोत कारकून होता. ऑफिसात अगदी छापील मराठी आणि उंबरठ्याच्या आत आला की मालवणी. घरात कॉम्प्युटर आल्यावर त्याने त्यात टीव्ही कार्ड बसवून घेतलं. केबलची वायर खिडकीतून ओढून सीपीयूच्या पाठीत खुपसली आणि कॉम्प्युटरवर टीव्ही दिसायला लागला, रेकॉर्डही व्हायला लागला. वहिनींची आवडती मालिका नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला लागायची. अनंता ती रेकॉर्ड करून, जाहिराती कापून, जेवणं आटोपली की त्यांना लावून द्यायचा. मागे कसं न्यायचं, पुढे कसं न्यायचं हे त्याने त्यांना शिकवलं होतं. बाकी कुणाला माऊसला हात लावायची परवानगी नव्हती. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली असायची : ‘रेकॉर्डिंग चालू आहे. पंखा लावू नये.’ पंख्याने चित्रात रेघा येतात म्हणे. भर मे महिन्यात आम्ही घामाने निथळत त्याचं कौतुक बघत बसायचो.

जाहिराती कापता कापता त्याला कापायची चटकच लागली. माझ्या मुलीच्या लग्नाची फिल्म त्याने केली, त्यात पाठवणीच्या वेळचं माझं रडणं जेमतेम डोळे मिटून उघडेपर्यंत होतं. मी भांडले, तर म्हणतो कसा, "बाय, रडणा एकदा दाखवला, पुरे. लोकांका समाजता." त्या फिल्मचा राग मी बरीच वर्षं सांभाळून ठेवला होता. आता तोही धरवत नाही.

आबा म्हणजे अनंताचे वडील, माझे काका; अनंता त्यांचा झील, आमच्याकडे मुलाला झील म्हणतात. गावच्या जत्रेला देवळात गाऱ्हाणं तेच घालायचे. देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने एकेक मागणं मांडायचं आणि दर मागण्याला जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची, ही आमची रीत. एका वर्षी केबलवाल्याने जत्रा थेट दाखवली. सगळा गाव देवळात आणि अनंता एकटा घरी, कॉम्प्युटरपाशी! मुंबईच्या चाकरमान्यांना सीडी पाठवायची होती, रेकॉर्डिंग चुकून चालणार नव्हतं. सीडीत सगळं मावेना, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे कात्री चालवली. एवढे ‘होय म्हाराजा’ कशाला, एकच तर शब्द, म्हणून शेवटचा एक ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. हार्डडिस्क भरली होती, तेव्हा मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. केबलवाल्याने तर ठेवलंच नव्हतं.

आबांना ती फिल्म दाखवली तेव्हा मी तिथे होते. पडद्यावरचे आबा मागण्यामागून मागणं मांडत होते, श्वाससुद्धा न घेता, आणि शेवटपर्यंत उत्तर कुणाचंच येत नव्हतं. फिल्म संपेपर्यंत आबा बसले. मग म्हणाले, "तू त्या दिवशी देवळात नाय होतस. आणि होते त्यांचो होय तू कापलंस. ह्या गाऱ्हाणा पोचला कसा म्हणाचा?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं... अनंता आबांच्या रागाला कधी घाबरला नव्हता.

पुढची जत्रा यायच्या आधीच आबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. गाऱ्हाणं कापलं म्हणून देव कोपला, अशी गावात कुजबुज व्हायची ती झालीच. अनंता देवभोळा नव्हता. नवससायास बघून हसणारा माणूस. पण हे मात्र त्याने मनाला लावून घेतलं. आबा गेल्यावर तर त्याला दुसरं काही सुचेना. घरी येईल त्या माणसाला तो मॉनिटरसमोर बसवायचा, कानाला हेडफोन लावायचा, आबांचं एक वाक्य ऐकवायचा आणि माईकवर ‘होय म्हाराजा’ म्हणायला लावायचा. मीही म्हटलं. "हळू गो, भजनाक बसलंस नाय!" म्हणून माझ्यावर खेकसला. पण बंद खोलीतला आवाज देवळातला वाटेना. जोडायचा, काढायचा, परत जोडायचा. पंखा बंद असायचा आणि तो घामाने चिंब व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं सुटलं, गोळ्या विसरायला लागल्या. मला त्याची भीती वाटायची.

वहिनी तेवढ्या कधी माईकपुढे बसल्या नाहीत. "गेलेल्या माणसाच्या आवाजाक ठिगळा लावतत काय?" त्या म्हणायच्या. "एका शब्दापायी तुमी सरतलास." त्याने खूप विनवलं, त्या हलल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतलं. "ता मशीन चालू करून दी. माका आबांचा गाऱ्हाणा ऐकूचा आसा." चिठ्ठी मॉनिटरवर होतीच, म्हणून मी पंखाही लावला नाही. फाईल लावली. आमचे कुणाचेच आवाज त्यात नव्हते. सगळे काढून टाकले होते. आबांचं एक मागणं झालं की चित्र थांबायचं, जोडलेले हात तसेच, आवाज बंद. मग पुढचं मागणं. मला वाटलं, काम अर्धवटच राहिलं.

"अर्धा नाय," वहिनी म्हणाल्या. "गेले त्याच्या आदल्या दिवशी माका म्हणालेले, आता भरूचा नाय. बघणाऱ्यानच म्हणाचा."

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. पावसापाण्याचं मागणं झालं, मी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. गुराढोरांचं झालं. वहिनी पुटपुटल्या, मग त्यांचा आवाज लागला. मग आबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या झिलांका उदंड आयुष्य दी. त्यांच्या पाठीशी उभो रव."

चित्र थांबलं. वहिनींचे ओठ नुसते हलले... ती जागा रिकामीच गेली आणि आबा पुढच्या मागण्याला लागले.

वहिनींनी माझ्या हातातला माऊस काढून घेतला. मालिका मागे न्यायला अनंताने शिकवलं होतं तसंच त्यांनी ते मागे नेलं. आबा पुन्हा म्हणाले, "ह्या गावच्या झिलांका उदंड आयुष्य दी." वहिनींनी डोळे पुसले, हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "होय म्हाराजा."