लाजाळूचा विसावा

रोपवाटिकेत सगळे त्यांना हळूकाका म्हणायचे. गिऱ्हाइकानं कुंडीकडे हात नेला रे नेला, की हे कुठूनतरी ओरडणार, "हळू!" मालक वैतागायचा, पण लाजाळू काकांइतकी कुणाला जमत नव्हती. म्हणून तो गप्प बसायचा.

लाजाळू बघितली की माणसाच्या हाताला चळच लागतो. बोट लावायचं, पानं मिटली की खूश व्हायचं, उघडली की पुन्हा बोट लावायचं. दिवसभर असं छळलं की झाड मिटणंच सोडून देतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "मेलंय हो हे!" झालं, काकांचा पारा चढायचा. "मेलं नाही, विटलंय! तुम्हाला दिवसभर गुदगुल्या केल्या तर हसत बसाल का?" ती कुंडी उचलून ते मागच्या जाळीखाली नेत. तिथं पाणीसुद्धा बुंध्याशी घालायचं, पानावर थेंब पडू द्यायचा नाही. थोड्या दिवसांनी झाड पहिल्यासारखं लाजू लागायचं.

काकांची बायको या सगळ्याची खूप थट्टा करायची. ती घरी कपडे शिवायची. समोरच्याच्या दंडाला हात लावल्याशिवाय तिचं एक वाक्य पुरं होत नसे. रस्त्यानं जाताना ती काकांचं मनगट धरायची, आणि काका चारचौघांत ओशाळून ते सोडवून घ्यायचे. "अहो, मी काय तुमची पानं तोडतेय का?" असं म्हणून ती पुन्हा धरायची.

एका सकाळी शिवता शिवता ती मशीनवरच कलंडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात डोळे मिटून पडली ती पडलीच. डॉक्टर नखावर पेन दाबून बघायचे. आधी भुवई हलायची, मग तीही हलेनाशी झाली. लेक तळपाय चोळायची. मेहुणी गालावर थापट्या मारत "ताई, अगं ताई!" करायची. भेटायला येणारा प्रत्येक जण हात लावून बघायचा आणि सुस्कारा टाकून निघून जायचा.

काकांना ते बघवेना. आणि मग त्यांना वाटलं, आपल्याला सगळं लख्ख कळलं.

"अरे, दमवलीत तुम्ही तिला!" ते वसकन मेहुणीच्या अंगावर गेले. "कुणी हात लावू नका. विसावा मिळाला की आपसूक हलेल."

"बाबा, आई काय झाड आहे का?" लेक म्हणाली.

"जन्म गेलाय माझा त्यात. मला शिकवू नकोस."

लेक रडत बाजूला झाली. मेहुणी फुरंगटून घरी गेली. आणि काकांनी तोच नियम स्वतःलाही लावला. खुर्ची पलंगापासून लांब ओढली. तिथूनच ते बोलत राहायचे, कोण ब्लाऊज घेऊन गेली, कुणी घासाघीस केली, सगळं सगळं सांगायचे. हात मात्र मांड्यांखाली दाबून ठेवायचे. तिला हात लावायला जीव तुटायचा हो त्यांचा! पण आज नाही तर उद्या हलेल, एवढ्यावरच तो माणूस तग धरून होता.

एके दुपारी रजेवर गेलेली सिस्टर परत आली. तिनं चादर सारखी करताना बायकोचा हात उचलून ठेवला आणि म्हणाली, "बोटं अगदीच ढिली पडली हो आता."

"आता म्हणजे?"

"सुरुवातीला सकाळी अंग पुसायला हात धरला, की घट्ट आवळायच्या. मला एकेक बोट सोडवून घ्यावं लागायचं."

"मग मला सांगितलं का नाही?" काकांचा आवाज फाटला.

सिस्टर गोंधळली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, काका. घरची माणसं हात धरतातच ना."

काका उठले, खुर्ची पलंगाला भिडवली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अगं, मी आहे," ते म्हणाले. "चुकलो मी. धर ना." बोटं हलली नाहीत.

संध्याकाळी लेक आली आणि दारातच थबकली. काकांनी मानेनंच तिला जवळ बोलावलं. "आईचे पाय चोळ," ते म्हणाले. "तुझंच खरं होतं. चोळ गं बाई." लेक पायांशी बसली. मेहुणीलाही निरोप गेला. ती आली, तेव्हा तिला कुणी अडवलं नाही.

दोन दिवसांनी बायको गेली. तोवर काकांनी तिचा हात सोडला नाही. तिनं मात्र त्यांचा एकदाही धरला नाही.