तीन फूट जादा

“ताण, पण वढू नको,” असं म्हणून आबा एक डोळा मिटायचे आणि साखळीकडे संशयाने बघायचे. साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं.

मी पुनावळ्यातल्या एका कॉलेजात झाडलोट करते. आबा तिथे मैदान सांभाळायचे. त्यांचं घराणं गावातलंच, जुनं. तरुणपणी ते जमीन मोजणाऱ्यांबरोबर साखळी धरायला जायचे. पुढे गावात बांधावरून वाद झाला की लोक त्यांनाच बोलवायचे. त्यांनी खुंटी ठोकली की भांडणारे दोघे भाऊ गप्प घरी जायचे, असं म्हणतात.

पोरांनी अमेरिकन फुटबॉलची टीम काढली, तेव्हा आम्हा दोघांनाही तो खेळ माहीत नव्हता. तुम्हीही बहुतेक पाहिला नसेल. चेंडू दोन्ही बाजूंनी निमुळता असतो. आबांनी तो हातात घेऊन दाबून पाहिला. “ह्यो चेंडू न्हाई, पपई हाय. कच्ची हाय अजून.”

टीमच्या सरांनी खेळ समजावला. चेंडू घेऊन चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर फक्कीची रेघ हवी, आणि दहा यार्ड मोजायला कडेला दोन माणसं साखळी घेऊन उभी हवीत.

आबा खूश झाले. “म्हंजे जागा घेत घेत जायाचं. सर, ह्यो खेळ आमच्या गावात लई दिस चालू हाय. बिल्डर खेळत्यात.”

साखळी विकत आणू का, असं सरांनी विचारलं. “कशाला? माझ्या घरी हाय की.”

दुसऱ्या दिवशी ते मोजणीची जुनी साखळी पोत्यातून घेऊन आले, तेल लावून पुसलेली. एक साखळी म्हणजे दहा यार्ड, दुमडली की पाच, असं धरून आम्ही सगळं मैदान आखलं. दुसरं टोक धरायला त्यांनी मलाच मागून घेतलं होतं. सरांना म्हणाले, “ही बाई बोलत न्हाई, हालत न्हाई. मोजणीला असाच माणूस लागतो.”

त्या वर्षी पोरं बाहेरच्या सगळ्या मॅच हरली. परत आली की आबा गुण विचारायचे नाहीत. “किती जागा गेली?” एवढंच विचारायचे.

“सगळी गेली, आबा,” कप्तान म्हणायचा. तो चाकणकडच्या गावातला, उंच, अंगापेरानं थोराड पोरगा.

“जाऊ दे. सातबारा आपल्याच नावावर हाय.”

कप्तानाचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढे त्याला कंपनीत लागायचं होतं. त्याआधी एक तरी मॅच जिंकायची, हे त्यानं मनात धरलं होतं. शेवटची मॅच तेवढी आमच्या मैदानावर होती, आणि ती पोरं जिंकली. पाहुणी पोरं शेवटी शेवटी उभीच राहू शकत नव्हती. आमच्या पोरांनी आबांना खांद्यावर घेतलं.

थोड्या वेळाने आबा आणि मी कडेचे झेंडे उपटत होतो. पाहुण्यांपैकी एक जण गवतात आडवा पडून मित्राला म्हणाला, “भावा, हे ग्राउंड संपतच नाही राव.”

आबांनी ते ऐकलं. ते ऑफिसातून टेप घेऊन आले आणि साखळी जमिनीवर पसरून मोजली. तेहतीस फूट भरली. तीन फुटांचा एक यार्ड, म्हणजे दहा यार्डांचे तीसच फूट व्हायला हवेत. पण मोजणीची साखळी गुंठ्याच्या हिशेबाची, तेहतीस फुटांची. दर साखळीला तीन फूट जादा, आणि दहा साखळ्यांचं अख्खं मैदान तीस फूट जादा लांब. आमची पोरं वर्षभर त्यावर पळून तयार झाली होती.

“साखळी खोटी न्हाई,” आबा म्हणाले. “मीच न इचारता लावली.”

कप्तान धावत आला. “आबा, राहू द्या ना. दोघांनाही सारखंच होतं.”

“तुमाला सवय व्हती. त्यांना न्हवती.”

“कुणाच्या लक्षात आलेलं नाही, आबा,” सरही हळूच म्हणाले.

“जल्मभर लोकांचे बांध राखले, सर. आता पोरांसाठी बांध कोरू व्हय?”

आणि ते साखळी खांद्यावर टाकून पाहुण्यांच्या बसकडे गेले. तिकडच्या सरांना आधी काही कळेना. मग ते खूप हसले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी परत खेळू.

आम्ही जुन्या रेघा झाडून काढल्या आणि तीस फुटांच्या दोरीने सगळं मैदान नव्याने आखलं. रविवारी मॅच झाली. आमच्या पोरांच्या शेवटच्या खेपेला चेंडू पडला तिथे आम्ही दोरी ताणली. आबा वाकले आणि म्हणाले, “चार बोटं कमी.”

पोरं हरली. कप्तान आबांकडे न बघता निघून गेला. पुढे बरेच दिवस आबांनी पपई हा शब्द काढला नाही.

पावसाळा संपता संपता एका सुट्टीच्या दिवशी कप्तान मोटरसायकलवरून आला. अंगावर कंपनीचा शर्ट होता. आता काही बोलतो की काय, म्हणून मी खराटा घेऊन जवळच थांबले.

“आबा, आमच्या वडलांचं आणि चुलत्यांचं बांधावरून वाजलंय. चार वर्षं बोलत नाहीत. मी दोघांना तुमचं सांगितलं. चुलते म्हणाले, आपल्याच पोरांना हरवणारा माणूस खरंच असंल, तर आण त्याला.”

आबांनी टोपी सारखी केली. “आन् मोजणीत तुजा बा हरला तर?”

“हरू द्या. मला सवय आहे.”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कप्तानाकडे दुसरं हेल्मेट नव्हतं. मी स्टोअरमधून टीमचं एक आणलं, तोंडावर लोखंडी जाळी असलेलं. आबांनी ते टोपीवरूनच चढवलं. जाळीतून फक्त मिशा दिसत होत्या. साखळीचं पोतं मांडीवर घेऊन ते मागे बसले. “बाई, खुंट्या दे,” आतून आवाज आला. मी दिल्या.

फाटकाबाहेरच्या चौकात हवालदाराने ते हेल्मेट बघून थांबवायला हात वर केला. आबांना वाटलं, ओळखीचा असेल. त्यांनीही हात वर केला, आणि गाडी चाकणच्या रस्त्याला लागली.