हायन्हाई देवीची पत्रं

"मशीन बंद करा," असं म्हणत पुण्याच्या मॅडम थेट प्रेससमोर येऊन उभ्या राहिल्या. प्रेस म्हणजे रद्दी दाबून तिचे घट्ट गठ्ठे करणारं आमचं यंत्र. गठ्ठा मिलला गेला की कागदाचा लगदा होतो.

मॅडमच्या भावाने घर रिकामं करताना वडिलांची पत्रांची ट्रंक विकली होती. ती फिरत फिरत भिवंडीत, माझ्या गोडाऊनला आली. वडील पुण्याचे, त्यांचे स्नेही नाशिकचे. दोन्ही घरं लोककथा आणि जुने विधी यांचा अभ्यास करणारी. वीस वर्षं त्यांची पत्रं चालली. दोन्हीकडची पत्रं मॅडमनी त्याच ट्रंकेत एकत्र आणून ठेवली होती. त्यांवर त्यांचं पुस्तक निघायचं होतं, आणि मूळ पत्रं पाहिल्याशिवाय प्रकाशक छापायला तयार नव्हता.

"कुठल्या ढिगात आहेत?"

"रेकॉर्डमध्ये." लिहिलेल्या पांढऱ्या कागदाला आमच्या धंद्यात रेकॉर्ड म्हणतात.

"मी शोधते. तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही."

माझं डोकं फिरलं. नारपोलीत हातगाडीवर सुरुवात करून मी हे गोडाऊन उभं केलं, तरी शिकलेली माणसं मला अजून "ए रद्दी" म्हणूनच हाक मारतात.

"मग सौदा ऐका," मी म्हणालो. "पत्रं आम्ही शोधणार. मी मोठ्याने वाचणार. तुम्ही स्टुलावर बसून ऐकणार."

"हा काय प्रकार आहे?"

"मशीन चालू करू?"

मॅडम बसल्या.

जनीबाई आमच्याकडे सॉर्टिंग करते. अंबाडी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरची. तिने अर्ध्या तासात पत्रं काढली आणि मी वाचायला लागलो. वडिलांनी लिहिलं होतं: 'अंबाडीपलीकडे एका पाड्याबाहेर शेंदूर लावलेला दगड आहे. एका म्हाताऱ्याला विचारलं, ही देवीच ना? तो म्हणाला, हायन्हाई. नाव नवीन आहे!'

नाशिकचं उत्तर: हय म्हणजे घोडा, न्हाई म्हणजे न्हाणं. यज्ञाच्या घोड्याला आंघोळ घालण्याचा प्राचीन विधी असणार. पुढच्या पत्रात वडिलांना आनंदाने झोप लागली नव्हती.

जनीबाईने पदर तोंडात धरला.

"काय गं?"

"शेट, ती देवी न्हाय. त्याला इचारलं, देवी हाय का? त्याला काय ठावं? म्हनला असंल, हाय... न्हाय..." आणि तिने पंजा असा काही हलवला की मी रद्दीच्या ढिगावर आडवा झालो.

मशीनवाला धावत आला. "सेठ, हुआ क्या?" मला सांगता येईना. मग न कळताच तोही हसायला लागला.

मॅडम हसल्या नाहीत. "माझं चाळीस पानांचं प्रकरण आहे त्या देवीवर," त्या म्हणाल्या. "पुस्तकाचं नावच 'हायन्हाई' आहे. आता बाबांना लोक हसतील."

माझा राग गेला. मी पुढचं पत्र उघडलं. ते नाशिकच्या काकूंनी, म्हणजे त्या स्नेह्यांच्या बायकोने, मॅडमच्या आईला लिहिलं होतं; बायकांची घरगुती पत्रं म्हणून मॅडमनी ती कधी वाचलीच नव्हती: 'माझं माहेर त्याच भागातलं, वाडा तालुक्यातलं. म्हातारा काय म्हणाला ते मला पहिल्याच पत्रात कळलं. पण ह्यांना सांगितलं तर दोघांची पत्रं थांबतील, आणि मग आपलीही. तुम्हीही बोलू नका.'

त्याला आईचं उत्तर: 'नाही बोलत. कैऱ्या पोचल्या. इकडे घोड्याची आंघोळ अजून चालू आहे.'

मॅडमनी पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. दोनदा वाचलं. मग त्या इतक्या हसल्या की जनीबाईने धरलं नसतं तर स्टुलावरून पडल्या असत्या.

पुस्तक निघालं. नाव तेच आहे. घोड्याची चाळीस पानं गेली, त्या जागी दोन बायकांची पत्रं आली. लोक हसतात, पण वाचून हसतात आणि पुन्हा वाचतात.

माझ्याकडून धडा एवढाच. आमच्या भागात कुणी "हाय न्हाय" म्हणालं, तर लिहून घ्यायच्या आधी आणखी एकदा विचारावं.