मालकिणीची आंबील

मोशीत आमच्या विकलेल्या शेतावर बिल्डिंग झाली, तिच्या गेटवर एक वॉचमन आहे. लातूरकडचा. बोलताना टोपी सारखी काढतो नि घालतो. माझ्या बायकोनं त्याला एकदा ताक दिलं होतं. तेव्हापासून मी दिसलो की विचारायचा, "मामी बऱ्या हैत का?"

बायको भादव्यात गेली. तरी मी म्हणायचो, "हाय बरी." एका माणसाजवळ तरी ती जिती होती.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला त्यांच्याकडं येळवस असते. शेतात पाच दगड पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची, येईल त्याला जेवू घालायचं. यानं पार्किंगच्या कोपऱ्यात दगड मांडले आणि मला हाक मारली.

"राव, हितं काय गाड्या पिकत्यात व्हय?" मी म्हणालो.

"माती तुमचीच की मामा. मामीला आणा. मालकीण जेवल्याबिगर येळवस कशी व्हायची?"

आता खोटं रेटवेना. "ती न्हाई राहिली. भादव्यात गेली."

त्यानं टोपी काढली, ती हातातच राहिली. मग म्हणाला, "मामी भाकरी खायला कुठं बसायच्या?"

मी लिफ्टजवळची जागा दाखवली. तिथं बांधावर बोरीचं झाड होतं. त्यानं तिथल्या फरशीवर आंबील शिंपडली, मग मला द्रोणात वाढली. मी सगळी प्यालो.

आता गेटवर तो, "जेवलाव का मामा?" एवढंच विचारतो. मामीचं विचारणारं कुणी राहिलं नाही.