ड्रायव्हर नसलेल्या मेट्रोतला ड्रायव्हर

शहरातून केलीव्हिल या आमच्या उपनगरात येणाऱ्या मेट्रोला ड्रायव्हर नाही. पुढे नुसती मोठी काच आहे. तिथे रोज संध्याकाळी एक म्हातारे गोरे गृहस्थ बसलेले असत. स्टेशन जवळ आलं की त्यांचा डावा हात ब्रेक ओढल्यासारखा हळूच मागे सरके.

एकदा माझी सहा वर्षांची मुलगी सोबत होती. तिने थेट विचारलं, "आर यू ड्रायव्हिंग?"

"नाही गं," ते हसले. "पण जन्मभर ट्रेनच चालवल्या. लहानपणी अशा आपोआप धावणाऱ्या ट्रेनच्या गोष्टी वाचायचो. थापा वाटायच्या!"

मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. "राग नाही येत या ट्रेनचा?"

"सुरुवातीला आला. पण ट्रेन चालवताना रुळांवरून नजर हलवता यायची नाही, मित्रा. आता कुठे आजूबाजूला बघतोय."

मुलीचं समाधान झालं नव्हतं. ट्रेनशिवायच, इथून गायब होऊन घरी पोचता येईल का, असं तिने विचारलं.

"येईल की! पण एवढ्यात नको," ते म्हणाले. "मला आत्ताच तर खिडकी मिळालीय."

गाडी बोगद्यातून बाहेर आली. सगळ्या झाडांवर ऊन होतं. मी फोन खिशात टाकला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.