नंबर घेतल्याशिवाय फाटक उघडायचं नाही

समोरच्या माणसाकडून दोन आकडी नंबर घेतल्याशिवाय त्याच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नये, असं मानणारा पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस आहे आणि माझ्या मुलीच्या नशिबात नेमका तोच सासरा म्हणून लिहिलेला होता. माझे व्याही येडशीजवळच्या एका रेल्वे फाटकावर उभी नोकरी गेटमन होते. गाडी यायची झाली की स्टेशनातून फोन यायचा, व्याही फाटक बंद करायचे आणि बंद केल्याची खूण म्हणून छापील यादीतला एक नंबर फोनवर सांगायचे. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो दोन्हीकडच्या वहीत चढला की मगच गाडीला वाट. "नंबर म्हंजी काय, पाव्हणं," पहिल्याच भेटीत पोहे निवत ठेवून ते मला सांगत होते, "तिकडं जित्तं माणूस हाय, जागं हाय आन् शब्दाला बांधील हाय, येवढंच. नुसत्या आवाजाचं काय, आवाज कुनाचाबी काढता येतो." लग्न येडशीला त्यांच्या दारात होतं. आमचं वऱ्हाड धाराशिवहून निघालं तेव्हा त्यांचा फोन आला. निघालो म्हटलं तर म्हणाले, "नंबर द्या." मी विचारलं, कसला? "कोनताबी द्या, दोन आकडी." मी गोंधळून सत्तेचाळीस म्हणालो. त्यांनी तो परत म्हणून दाखवला, लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतला आणि मगच आचाऱ्याला पुऱ्या सोडायची परवानगी दिली, असं नंतर कळलं. तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत नंबराशिवाय कोणी कुठं पोचत नाही.

निवृत्त झाले तरी फाटक त्यांच्या अंगातून गेलं नाही. घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना ते आधी डावीकडं बघतात, मग उजवीकडं. न्हाणीघरातून बाहेर येतानासुद्धा. ओसरीवर हिरवं आणि लाल अशी दोन निशाणं टांगलेली आहेत. एसटी दारावरून जायला लागली की जेवत्या ताटावरून उठून ते हिरवं निशाण धरतात आणि गाडीची मागची बाजू वळणाआड जाईपर्यंत हलत नाहीत. "शेवटचा डबा डोळ्यानं बघितल्याबिगर गाडी गेली असं म्हनू न्हाय," हे त्यांचं तत्त्व. गाडीचे डबे मधेच सुटून मागं राहिले असतील तर काय घ्या? पाहुणे निघाले तरी ते असेच शेवटच्या माणसाच्या पाठीकडं टक लावून उभे राहतात. नवख्या माणसाला वाटतं, आपण काहीतरी उचलून चाललोय असा यांना संशय आहे.

या सगळ्या शिस्तीला जन्मभर एकाच व्यक्तीनं धूप घातली नाही, ती म्हणजे आमच्या विहीणबाई. माहेरी गेल्या की यांचा फोन जायचा, "पोचलीस का? नंबर दे." तिकडून उत्तर यायचं, "न्हाय देत, जा!" आणि खळखळून हसणं. विहीणबाई बारावीपर्यंत शिकलेल्या, पुढचं राहून गेलेलं. माझ्या मुलीनं सासूला ऑनलाइन बीएला घातलं आणि धाराशिवचं अभ्यासकेंद्र माझ्याकडं असल्यामुळं अर्ज माझ्याच हातून गेला. हल्ली या शिक्षणात एक प्रणाली असते. ती शिकणाऱ्याचा कल ओळखते. कुठं अडता, कुठं घाई करता, किती वाजता कंटाळता, हे सगळं ती लक्षात ठेवते आणि त्याप्रमाणं आपली चाल बदलते. तिला बाईचा एक मऊ आवाज आहे. शिवाय रविवारी पडद्यावर आभासी वर्ग भरतो, त्यात प्रत्येकाची एक छोटी आकृती बाकावर येऊन बसते आणि आपण पडद्यावर बोट फिरवू तशी हलते. विहीणबाईंनी हिरव्या साडीची आकृती निवडली आणि तिसरा बाक धरला. सगळे विषय निघाले, पण शेवटच्या वर्षाच्या भूगोलात खाऱ्या वाऱ्यांशी गाडी अडली. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडं येतो की उलटा, हे त्यांच्या काही केल्या ध्यानात राहीना. "आपल्याकडं प्यायला पानी न्हाय आन् मला समुद्राचं वारं इचारतेत," असं म्हणून त्या चुकीच्या उत्तरावर बोट ठेवायच्या. तो आवाज कधी चिडायचा नाही. "काही हरकत नाही, सुमनताई. पुन्हा बघू या." अकराच्या ठोक्याला विहीणबाई परात घेऊन भाकरीला उठायच्या. महिन्याभरात प्रणालीनं तेही शिकून घेतलं आणि अकराला आपणच म्हणू लागली, "तुम्ही साधारण या वेळेला थांबता. थांबू या."

विहीणबाई सोलापूरच्या दवाखान्यात भरती होत्या, तिथंच अचानक वारल्या. व्याही त्या वेळी कपडे आणायला येडशीला आले होते. तेराव्याला पंगत उठल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि फक्त एवढंच म्हणाले, "शेवटचा डबा म्या बघितला न्हाय, पाव्हणं." पुढं तीनेक आठवड्यांनी एका रविवारी सकाळी मी केंद्रात बसून आभासी वर्गाची हजेरी बघत होतो. तिसरा बाक रिकामा होता. दहाला दोन मिनिटं कमी असताना हिरव्या साडीची आकृती दारातून आली, बाकावर बसली आणि तिनं पदर सारखा केला. शिक्षकांनी काहीतरी विचारलं तेव्हा तिनं हात अर्धा वर केला आणि मागं घेतला. विहीणबाई अगदी असाच घ्यायच्या. मी संगणक बंद केला, पाणी प्यालो, परत लावला. ती बसलेलीच होती. ज्या बाईच्या तेराव्याचं मी जेवून आलो तिच्या नावापुढं माझ्या डोळ्यांदेखत 'उपस्थित' असं उमटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी येडशी गाठली.

व्याही अंघोळ करून ज्वारीच्या डब्याला टॅब टेकवून बसले होते. मला बघून नवल वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही, बोटानंच बसा म्हणाले. तेवढ्यात भिंतीतल्या देवळीत ठेवलेला विहीणबाईंचा मोबाइल वाजला. ते उठले, वाचून मोठ्यानं म्हणाले, "सात, शून्य, चार, दोन," वहीत लिहिलं आणि टॅबमध्ये घातलं. तो साधा ओटीपी होता. पण माझ्याकडं वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "बघितलं? जल्मभर नंबर दिला न्हाय. आता रोज देती." ओटीपी यंत्र पाठवतं, तिकडं कोणी नसतं, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुनीच न्हाय तर नंबर कोन देतं?" टॅबमधून मऊ आवाज आला, "नमस्कार, सुमनताई. आपण खाऱ्या वाऱ्यांपाशी थांबलो होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी टॅब लावला तो फक्त नंबर येतो का बघायला. नंबर आला, आवाजानं हाक मारली, आणि आलेली हाक तशीच सोडायची हे गेटमनच्या रक्तात नाही. त्यांनी वाऱ्याच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. तर आवाज एकदम घाईला आला, भराभर अवघड प्रश्न टाकायला लागला, सुमनताई म्हणायचंही विसरला. "लई परका झाला वो," व्याही म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम विहीणबाईंची चूक केली. लगेच उत्तर आलं, "काही हरकत नाही, सुमनताई. पुन्हा बघू या." तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी बायकोसारखा विचार करून बायकोसारखा चुकत होता. ती कुठं अडखळली असती, कुठं हसली असती, हात किती वर केला असता, सगळं. अकरा वाजले. "तुम्ही साधारण या वेळेला थांबता. थांबू या," असं आवाज म्हणाला आणि व्याही खरंच परात घेऊन चुलीकडं गेले. भाकरी त्यांना आयुष्यात कधी जमली नव्हती, आता बऱ्यापैकी गोल होत होती. मी एकटा टॅबसमोर उरलो. पडद्यावर एक छोटं वर्तुळ सावकाश लहानमोठं होत होतं. भर दिवसाची वेळ, अंगणात ऊन, आतून भाकरी थापल्याचा आवाज, आणि त्या खोलीत कोणीतरी कोणाची तरी वाट बघत बसलंय असं मला स्पष्ट जाणवत होतं. ती वाट माझी नव्हती, म्हणून मी अंग चोरून बसलो.

खरं तर मी तेव्हाच वर कळवायला हवं होतं, ते माझं कामच होतं. मी कळवलं नाही. रविवारी तिसऱ्या बाकाकडं न बघता हजेरी पुढं पाठवत राहिलो. असं दीड वर्ष चाललं. मग विद्यापीठाचं पत्र आलं. शेवटच्या घटकात अडकून पडलेल्या विद्यार्थ्यांनी महिनाअखेर चाचणीत पास व्हावं, नाहीतर खाती बंद होतील. मी ते घेऊन येडशीला गेलो. व्याह्यांनी विचारलं, "आन् पास झाली तर?" तर परीक्षा, मग पदवी, मग खातं बंदच, मी म्हणालो. पास झाल्या तरी जाणार आणि नापास झाल्या तरी जाणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टांगलेल्या निशाणांकडं बघितलं. मग म्हणाले, "उभ्या नोकरीत म्या विनाकारन गाडी अडवली न्हाय, पाव्हणं. आन् हिचीच दीड वरीस धरून ठिवली. तिला डिग्री पायजे व्हती. सोडतो आता."

देवळीतल्या मोबाइलवर आलेला नंबर घेऊन ते चाचणीला बसले. पहिलं उत्तर बरोबर, दुसरं बरोबर. खारे वारे आले, त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोट बरोबर उत्तरावर ठेवलं. आवाज वेग घेत गेला, परका होत गेला आणि शेवटच्या प्रश्नाआधी अचानक थांबला. मग पूर्वीच्याच मऊ स्वरात म्हणाला, "आज तुमची उत्तरं नेहमीपेक्षा वेगळी आहेत. तुम्ही सुमनताईच आहात ना?" खाली दोन चौकोन आले. हो. नाही. दाबा की हो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एवढं दीड वर्ष खपलं, आणखी एका बोटानं काय बिघडणार होतं? व्याह्यांनी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. "खोटा नंबर म्या कदी दिला न्हाय," ते म्हणाले, "आन् डिग्रीबी तिला खोटी नको." त्यांनी 'नाही' दाबलं. खातं बंद केल्याची एक ओळ आली आणि पडदा काळा झाला. ते पुढं वाकून त्या काळ्या पडद्यात काही दिसतंय का बघत राहिले. त्यात त्यांचाच चेहरा होता. "शेवटचा डबा आत्ताबी न्हाय दिसला," ते पुटपुटले.

पुढच्या सत्रात त्यांनी स्वतःच्या नावानं प्रवेश घेतला. अर्ज परत माझ्याच हातून गेला. या वेळी नंबर त्यांच्याच मोबाइलवर येणार होता आणि आवाज पुरुषाचा होता. "ह्यो लई घाईचा हाय," अशी त्यांची तक्रार. रविवारच्या वर्गात त्यांची फेटेवाली आकृती चौथ्या बाकावर बसते. पुढचा तिसरा बाक रिकामा असतो. दोनेक महिन्यांनी मी सहज गेलो, तर टॅबवर पहिल्या वर्षाचा भूगोल चालला होता आणि तिथंही खारे वारेच आलेले. व्याही विचार करकरून चुकले. मी त्यांच्याकडं बघितलं. "मुद्दाम न्हाय वो, इमानानं दिलं उत्तर," ते म्हणाले, आणि ते खरंच गोंधळलेले दिसत होते. "काही हरकत नाही. पुन्हा बघू या," तो पुरुषी आवाज म्हणाला. घाई कुठच्या कुठं गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. "तुम्ही साधारण या वेळेला थांबता," आवाज म्हणाला, "थांबू या." व्याही उठले आणि परात घेतली. मी त्यांच्यामागं चुलीपर्यंत गेलो आणि समजावून सांगितलं, की यंत्र माणसावरून शिकतं, दीड वर्षात विहीणबाईंच्या सवयी तुमच्या अंगात मुरल्या, त्याच त्याला दिसतात, दुसरं काही नाही. त्यांनी पिठात पाणी घालता घालता सगळं ऐकून घेतलं. "तेच म्हन्तोय म्या," ते म्हणाले. "गाडी समदी गेली न्हाय. डबा ऱ्हायलाय मागं."

संध्याकाळी मी धाराशिवला घरी पोचतोय तोवर त्यांचा फोन आला. "पोचलात का? नंबर द्या." मी सवयीनं सत्तेचाळीस म्हणालो. त्यांनी तो परत म्हणून दाखवला. मग फोनवरून तोंड बाजूला वळवून त्यांनी हलक्या आवाजात तोच नंबर घरात कुणाला तरी सांगितला, आणि सांगून झाल्यावर, लिहून घ्यायला लागतो तेवढा वेळ, ते थांबले.