हिरव्या टायची बांधणी

दुकानात त्यांना जवळपास सगळेच वहिनी म्हणत. नात्याने तो हक्क एकट्या दुकानमालकाचा, म्हणजे त्यांच्या दिराचा. पण तो दिवसभर काउंटरवरून मागच्या टेबलाकडे ‘वहिनी, हे बघा’, ‘वहिनी, ते बसेल का’ अशा हाका मारत असे, आणि ऐकून ऐकून गिऱ्हाइकांनी, माल आणणाऱ्यांनी, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानेही तेच नाव उचललं. नवरा जहाजावर. घरी सासरे. दुकान गेमिंग कॉम्प्युटरचं. सुटे भाग निवडून द्यायचे, जोडून द्यायचे, जुन्या मशीनमध्ये जीव भरायचा. बोलायचं काम दिराचं, जोडायचं वहिनींचं.

लग्नाआधी वहिनी गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात होत्या. मोठ्या फळीवर ठोकलेल्या खुंट्यांमधून वायरी ओढायच्या, जुडी करायची, प्लॅस्टिकच्या टायने, म्हणजे दात्यांच्या बारीक पट्टीने, आवळायची. तिथे प्रत्येक प्लगचा आकार वेगळा होता. चुकीचा प्लग चुकीच्या जागी जातच नसे; बसला म्हणजे बरोबर. कॉम्प्युटरच्या कामात आल्यावर पहिलाच धडा उलटा मिळाला. पॉवर सप्लाय म्हणजे मशीनला वीज वाटून देणारा डबा. त्याच्या अंगात ज्या केबल खोचायच्या त्यांची तोंडं बरीचशी सारखीच दिसतात, पण आतल्या कुठल्या तारेत किती वीज, हे डब्याडब्यागणिक बदलतं. म्हणून वहिनींनी नियम करून टाकला होता: डबा बदलला की त्याच्या केबलही त्याच्याबरोबर बाहेर.

कारखान्यातला हात मात्र तसाच राहिला होता. वहिनींनी जोडलेल्या मशीनची मागची पत्र्याची झडप लोक मुद्दाम उघडायला लावत. केबल एकमेकींना न ओलांडता सरळ जात, काटकोनात वळत, आणि ठरावीक अंतरावर हिरवी टाय. ‘हे कोण बघणार मागून?’ असं दीर म्हणे. ‘मी बघते ना,’ असं त्या म्हणत.

पूलवालीचं मशीन असंच त्यांनी पूर्वी बांधून दिलेलं होतं. पूलवाली हे दुकानाने ठेवलेलं नाव. ही मुलगी गेम खेळायची कमी आणि बनवायची जास्त. दरीवर पूल बांधायचा, त्यावरून ट्रक न्यायचे, वारा सुटला की पूल टिकतो का ते बघायचं, असा तिचा गेम. नोकरी सोडून तीन वर्षं त्यातच होती. सोमवारी एक कंपनी तो बघणार होती. आवडला तर पुढचं काम, नाहीतर पुन्हा नोकरी शोधायची, असं आईने बजावलं होतं.

‘मला सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड द्या,’ ती त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात येऊन म्हणाली. ‘वारा सुटला की चित्र अडकतं. कंपनीसमोर अडकलं तर मेलेच.’

दिराने लगेच शोकेसमधला सगळ्यात मोठा खोका काढला. वहिनींनी शिंप्याचा टेप काढला.

‘भाऊजी, ते हिच्या कॅबिनेटमध्ये मावणार नाही. पुढचे पंखे आडवे येतात.’

‘मग कॅबिनेट पण नवं देऊ!’

‘तिला पूल बांधायचाय, बंगला नाही.’ मग पूलवालीकडे वळून म्हणाल्या, ‘अगं, चित्र अडकतं तेव्हा दुसरंही काही चालू असतं का?’

‘असतं की. गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, सगळंच.’

‘मग मेमरी दुप्पट कर आणि कार्ड मधलं घे. त्याला तुझा जुना पॉवर सप्लाय पुरायचा नाही, तेवढा बदलू. प्रोसेसरला हात लावायचं कारण नाही.’ डबाही त्यांनीच निवडला. जुना ज्या कंपनीचा होता त्याच कंपनीचा, वरच्या ताकदीचा. त्या कंपनीचा माल त्यांच्या हाताखालून कधी परत आला नव्हता.

‘कामाची कॉपी आहे ना कुठेतरी?’ हे त्या प्रत्येकाला विचारत.

‘आहे ना. पुढच्या एसएसडीवर काम, मागच्या हार्ड डिस्कवर कॉपी. आपोआप होते.’

‘म्हणजे दोन्ही ह्याच पेटीत?’

‘मग कुठे ठेवू, ताई?’

शुक्रवारी सकाळी वहिनींनी मशीन उघडलं. जुना डबा काढला, जुनं कार्ड काढलं, मेमरी बसवली. राहिल्या केबल. हिरव्या टायने बांधलेली ती जुडी पाठीमागे सरळ उतरली होती. खालच्या टोकाला एकाच केबलवर एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही. कापायला कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. तेवढ्यात सासऱ्यांची दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ झाली. आल्यावर कापू, असं म्हणून त्या उठल्या. वेळ नव्हता हे खरं. कापवत नव्हतं, हेही खरं.

दवाखान्यात सासरे आत खुर्चीत बसले. कवळीचं माप घ्यायला तोंडात साचा भरलेला. वहिनी बाहेर बाकावर होत्या. दुकानाच्या ग्रुपवर दिराने फोटो टाकला. पूलवालीचं मशीन, नवा डबा जागेवर, नवं कार्ड जागेवर. खाली लिहिलेलं: ‘वहिनींची बांधणी, आमची बसवणी!’

वहिनींनी फोटो मोठा केला. नव्या डब्यातून निघालेल्या केबल खालून वर गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर हिरव्या टाय होत्या.

त्यांनी फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. दीर कुणाला तरी काहीतरी विकत होता आणि तो विकायला लागला की त्याला थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मेसेज टाकला: ‘चालू करू नका. केबल जुन्या आहेत.’ एकच टिक उमटली. दुसरी उमटेना.

दार ढकलून त्या आत गेल्या. ‘बाबा, मी दुकानात जाऊन आले. बसून राहा.’

सासऱ्यांनी भुवया वर केल्या. बोलायची सोय नव्हती. डॉक्टरीण म्हणाली, ‘अहो, साचा काढायचाय आता.’

‘काढा ना. माझी काय गरज आहे?’

दुकान दोन गल्ल्या पलीकडे. वहिनी आधी चालल्या, मग भरभर चालल्या, मग पदर खोचून सरळ पळाल्या. डोक्यात एकच हिशेब चालला होता: कुठल्या तारेत काय आलं असेल. कंपनी तीच आहे. कदाचित तारांचा क्रमही तोच असेल. कदाचित. कंपनी तीच, म्हणून त्यालाही तसंच वाटलं असणार; डबा तर आपणच निवडला.

त्या शिरल्या तेव्हा दीर टेबलाशी वाकून उभा होता आणि त्याच्या हातात शोकेसमधला आणखी एक नवा पॉवर सप्लाय होता.

‘अहो वहिनी, तुमचा डबाच फुसका निघाला! बटण दाबलं, एकदा टक् झालं, की गप्प. आता हा लावून बघतो.’

‘हात काढा.’

‘काय?’

‘भाऊजी, मशीनवरचा हात काढा. आधी प्लग काढा भिंतीतला.’

त्याने काढला. एवढ्या वर्षांत त्या आवाजात वहिनी त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

वहिनींनी डब्याची केबल उपसली, खोक्यातली नवी कोरी केबल शेजारी धरली, आणि मीटरने एकेक तार तपासली. कंपनी तीच, तोंड तेच, आतला क्रम वेगळा. डिस्कला जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले होते. दोन्ही डिस्कना, कारण दोन्ही एकाच केबलवर होत्या. त्यांनी एसएसडी काढून दुकानाच्या तपासणीच्या मशीनला जोडून पाहिली. मशीनला ती दिसलीच नाही. जळल्याचा वासही नव्हता. नुसती मेलेली.

दीर स्टुलावर बसला. ‘मी म्हटलं, तुमची एवढी सुंदर बांधणी कशाला मोडायची...’

‘मी कापून जायला हवं होतं.’

 मग दिरातला विक्रेता जागा झाला. ‘ऐका. डबा सदोष होता म्हणू. होतं असं कधीकधी. कंपनी बदलून देते, आपण दोन नव्या डिस्क देऊ. तिला काय कळणार?’

‘आणि पूल?’

दिराने हातातला डबा टेबलावर ठेवला.

‘हार्ड डिस्कमध्ये अजून आशा आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण त्यासाठी डिस्कच्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवावी लागेल. डिस्क त्या मुलीची आहे. तिला सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि खोटं सांगून तर नाहीच.’ दिराच्या तोंडून काही निघायच्या आत त्यांनी फोन लावला.

पूलवाली आली ती हसतच. ‘झालं?’ मग तिने दोघांची तोंडं पाहिली.

वहिनींनी सरळ सांगितलं. जुन्या केबल मी ठेवल्या, भाऊजींनी लावल्या, डिस्कमध्ये नको तेवढी वीज गेली. एसएसडी गेली. कॉपीची डिस्क कदाचित वाचेल.

पूलवाली रडली नाही, ओरडली नाही. तिने टेबलाची कड धरली. ‘कदाचित म्हणजे काय?’

‘ह्या पाटीवर एक छोटा डायोड असतो. वीज जास्त आली की तो स्वतः मरतो आणि बाकीच्यांना वाचवतो. मेला असेल तर काढून टाकला की डिस्क फिरते. त्याने काम केलं नसेल तर पुढचंही जळलंय. दुसरा रस्ता म्हणजे डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवायची. ते माझ्यापेक्षा बरं करतील, पण सोमवारच्या आत नाही.’

‘आणि तुमच्या हातून बिघडली तर?’

‘तर त्यांनाही अवघड जाईल.’

‘ताई, तुम्ही हे आधी केलंय?’

‘केलंय. एकदा जमलं. एकदा नाही.’

दिराने डोळे मिटले. असं कुणी गिऱ्हाइकाला सांगतं का, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पूलवाली बराच वेळ डिस्ककडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘करा.’

वहिनींनी पाटी सोडवून दिव्याखाली धरली. तिळाएवढा काळा डायोड. मीटरच्या दोन्ही सुया त्याच्या दोन टोकांना टेकवल्या. ‘वाजला तर बरं,’ त्या पुटपुटल्या. मीटर वाजला. दीर ‘काय झालं?’ म्हणून दचकला. ‘मेलाय. चांगलं झालं,’ वहिनी म्हणाल्या. कुणाच्या मरणावर दुकानात एवढा आनंद पहिल्यांदाच झाला असेल, पण हसलं कुणी नाही.

सोल्डरिंगची सळई तापली. डायोडच्या आजूबाजूला त्याच्याहून बारीक भाग होते. टोक घसरलं तर त्यातला एखादा उचलला जाणार. वहिनींनी मनगट टेबलावर टेकवलं, श्वास सोडला, आणि घेतला नाही. एक टोक सुटलं. दुसरं सुटेना. पुन्हा टेकवलं. चिमट्याला काळा ठिपका चिकटून आला.

पाटी जागेवर गेली, स्क्रू बसले. तपासणीच्या मशीनला, त्याच्या स्वतःच्या केबलने, डिस्क जोडली. बटणाकडे कुणीच हात नेईना. दीर तर दोन पावलं मागेच सरकला होता.

‘तू दाब,’ वहिनी पूलवालीला म्हणाल्या.

तिने दाबलं. पंखे फिरले. वहिनींनी डिस्कवर बोट टेकवलं. काहीच नाही. मग बोटाखाली बारीक थरथर आली, वाढली, आणि स्थिर झाली. स्क्रीनवर फोल्डर उमटला.

पूलवालीने पुढे वाकून तारीख पाहिली. चेहऱ्यावर आलेला रंग अर्ध्यात थांबला. ‘ही मागच्या महिन्याची आहे. कॉपी मध्येच बंद पडलेली दिसते. त्यानंतर केलेला झुलता पूल ह्यात नाहीये.’

‘बाकीचे?’

‘बाकीचे सगळे आहेत.’ तिने यादी पुन्हा एकदा खालीवर केली. मग जणू स्वतःशीच म्हणाली, ‘झुलत्याशिवायच दाखवावं लागेल.’

वहिनींनी ‘सॉरी’ म्हटलं नाही. दुकानातली एक नवी बाहेरची डिस्क फोडली, जोडली, आणि सगळा फोल्डर तिच्यावर उतरवायला लावला. तो उतरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. दीर चहा मागवायचंही विसरला.

तेवढ्यात दारात सासरे उभे राहिले. गळ्यात दवाखान्याचं निळं कापड तसंच. ‘साचा निघाला,’ ते म्हणाले. ‘विचारलं नाहीस, म्हणून सांगतोय.’

‘बाबा, दोन मिनिटं.’

फोल्डर उतरला. वहिनींनी बाहेरची डिस्क काढून पूलवालीच्या हातात दिली, आणि मशीनकडे वळून कात्री उचलली. एकेक हिरवी टाय तुटून टेबलावर पडू लागली. सगळी जुडी सैल झाली तेव्हा ती गोळा करून त्यांनी जुन्या डब्याला करकचून बांधली.

‘मशीनसाठी संध्याकाळी उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवू का?’ दिराने पूलवालीला विचारलं. ‘जोडून, नवीन एसएसडी घालून, सगळं आमच्याकडून. स्वतः बघतो.’

‘तुम्ही नाही. वहिनी बघतील,’ ती म्हणाली. दुकानात आजवर ती त्यांना ताई म्हणत आली होती. डिस्क तिने पिशवीत टाकली नाही, मुठीतच धरली. ‘मशीन उद्या नेते. ही आज नेते.’